विज्ञान-गणिताच्या वर्गात शैक्षणिक संशोधन कसं वापरावं? ठाणे-नवी मुंबईतल्या नव्या शिक्षकांसाठी

बी.एड.ला मुलं कशी शिकतात याचा अभ्यास करणारे पिआजे आणि ब्रूनर हे मानसशास्त्रज्ञ वाचून झालेले असतात. शाळेत रुजू झाल्यावर मात्र समोर एका बाकावर तीन अशी साठ मुलं, पस्तीस मिनिटांची तासिका आणि घटक चाचणीची तारीख असते. वाचलेल्यातलं नेमकं काय कुठे लावायचं, हे तिथे कुणी सांगत नाही. पुढे दिलेल्या पायऱ्या पाचवी ते दहावीच्या वर्गांसाठी आहेत आणि एका घटकाला साधारण सहा आठवडे धरलेले आहेत. त्यासाठी वेगळ्या तासिका मागाव्या लागत नाहीत, नेहमीच्या तासिकांची मांडणी बदलावी लागते.

आधी जमवून ठेवा

- वार्षिक नियोजन आणि दैनिक टाचण. घटक कोणत्या आठवड्यात येतो ते यावरून ठरेल.
- एक जाड वही, फक्त नोंदींसाठी.
- ए-फोर कागद. एका कागदाच्या चार चिठ्ठ्या होतात, म्हणजे साठ मुलांच्या एका फेरीला पंधरा कागद. शिवाय प्रत्येक मुलाच्या उत्तरपत्त्यासाठी (चौथ्या पायरीतला अ-ब-क-ड लिहिलेला कागद) एक.
- विद्युत परिपथ घेणार असाल तर सहा-सहांच्या दहा गटांसाठी: मोठ्या टॉर्चचे १.५ व्होल्टचे २० सेल, २.५ व्होल्टचे तार असलेले २५ बल्ब (पाच जास्तीचे), २० होल्डर, ५० वायरी आणि एक डिजिटल मल्टिमीटर.
- वर्गाचं चित्रीकरण करायचं असेल तर मुख्याध्यापकांची लेखी परवानगी आणि पालकांची संमती. स्वतःपुरत्या नोंदींना ही गरज नसते, पण मुलांचे चेहरे दिसणारं काहीही व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकू नका.

१. एकच घटक, एकच बदल

प्रशिक्षणाहून परतल्यावर उत्साहात सगळंच एकदम बदललं जातं. गटकार्य, प्रकल्प, कार्डं, खेळ असं सगळं सुरू होतं. तीन आठवड्यांत दमछाक होते आणि यातलं नेमकं काय उपयोगी पडलं ते सांगता येत नाही.

असा घटक निवडा ज्यात दरवर्षी त्याच चुका होतात आणि ज्यावर वरच्या इयत्तांचं बरंच काही अवलंबून आहे. गणितात दशांश अपूर्णांक, बरोबरचं चिन्ह, ऋण संख्या. विज्ञानात विद्युत परिपथ, वस्तुमान आणि वजन, वनस्पतींचं पोषण. सोपा घटक घेतलात तर मुलं कोणत्याही पद्धतीने शिकतील आणि तुम्हाला काहीच कळणार नाही.

एक स्थानिक अडचण. स्थितिक विद्युतचे प्रयोग ठाण्यात किंवा नवी मुंबईत जून ते सप्टेंबर करू नका. हवेतल्या दमटपणामुळे कंगव्यावर प्रभार टिकत नाही, कागदाचे कपटे हलत नाहीत आणि मुलं ‘हे पुस्तकातच होतं’ असा धडा घेऊन जातात. हा घटक डिसेंबर-जानेवारीत सरकवा. नियोजनात एवढा बदल मुख्याध्यापक सहसा मान्य करतात.

२. मुलांच्या डोक्यात आधीच काय आहे ते शोधा

विज्ञान-गणित शिक्षणावरच्या चार-पाच दशकांच्या संशोधनातून सगळ्यात ठामपणे हाती लागलेली गोष्ट हीच आहे: मूल कोरी पाटी घेऊन वर्गात येत नाही. त्याच्याकडे स्वतःचा एक नियम असतो, तो काही उदाहरणांत बरोबर उत्तर देतो आणि म्हणूनच टिकून राहतो. तो नियम बाहेर आणला नाही तर तुमचं शिकवणं त्याच्या शेजारी जाऊन बसतं. परीक्षेत मूल तुमचा नियम लिहितं, बाहेर स्वतःचा वापरतं.

घटक सुरू करण्याच्या चार-पाच दिवस आधी चार प्रश्नांची चिठ्ठी द्या. नाव लिहायचं, गुण नाहीत, वेळ सात मिनिटं. दशांशासाठी हे प्रश्न चालतील:

मोठी संख्या कोणती? (अ) ०.४ की ०.३५ (ब) ०.६२ की ०.३ (क) ०.१२५ की ०.३ (ड) ०.४ की ०.४०, की दोन्ही सारख्या?

या जोड्या अशाच निवडलेल्या नाहीत. काही मुलं दशांश चिन्हापुढचे अंक पूर्ण संख्येसारखे वाचतात, म्हणून ३५ हा ४ पेक्षा मोठा. ही मुलं (अ) आणि (क) चुकवतील, पण (ब) बरोबर देतील. दुसऱ्या काही मुलांनी ‘शतांश दशांशापेक्षा लहान’ एवढंच पकडलेलं असतं, म्हणून लांब अपूर्णांक त्यांना लहान वाटतो. ती (अ) आणि (क) बरोबर देतील आणि (ब) चुकवतील. म्हणजे चारपैकी दोन गुण मिळवणाऱ्या दोन मुलांच्या अडचणी एकमेकींच्या उलट असू शकतात. एकूण गुण बघाल तर हे दिसणारच नाही. चिठ्ठ्यांचे ढीग उत्तरांच्या नमुन्याप्रमाणे लावा, गुणांप्रमाणे नको. साठ चिठ्ठ्यांना वीस मिनिटं लागतात.

यात आपल्या बोलण्याचाही हात असतो. २.७५ हे आपण ‘दोन पॉइंट पंच्याहत्तर’ असं वाचतो आणि पंच्याहत्तर ही पूर्ण संख्या मुलाच्या कानात जाते. ‘दोन पूर्णांक सात पाच’ असं वाचायची सवय स्वतःला लावा. रुपये-पैशांचं उदाहरण सुरुवातीला सोयीचं वाटतं, पण त्यात दशांश चिन्हापुढे कायम दोनच अंक असतात, त्यामुळे चुकीचा नियम कधी अडतच नाही. मीटरपट्टी आणि संख्यारेषा जास्त भरवशाच्या.

बरोबरच्या चिन्हाचं तसंच. ८ + ४ = □ + ५ हा प्रश्न अमेरिकेतल्या सहावीच्या १४५ मुलांना विचारला गेला होता, तो अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. चौकटीत ७ हवा, पण एकाही मुलाने तो लिहिला नाही. सगळ्यांची उत्तरं १२ किंवा १७. मुलांच्या लेखी ते चिन्ह म्हणजे ‘आता उत्तर लिहा’ अशी आज्ञा असते. मराठीत तर ‘बरोबर’ या शब्दाचा अर्थ ‘अचूक’ असाही होतो, त्यामुळे ‘आठ अधिक चार बरोबर?’ असं म्हटलं की कानाला उत्तराचीच मागणी ऐकू येते. तुमच्या वर्गात हाच प्रश्न विचारून पाहा. नंतर आठवडाभर रोज दोन मिनिटं चूक-बरोबर ठरवायला अशी विधानं द्या: ७ = ७, ९ = ४ + ५, ६ + ३ = ५ + ४. फळ्यावर तुम्ही स्वतः ८ + ४ = १२ + ५ = १७ अशी साखळी लिहीत नाही ना, तेही तपासा. घाईत ती सगळ्यांच्याच हातून लिहिली जाते.

सापळा: चिठ्ठ्या तपासून लगेच वर्गात ‘किती चुकलंय’ असं बोललात तर पुढच्या वेळी मुलं स्वतःचं न लिहिता शेजाऱ्याचं लिहितील.

३. प्रयोगाआधी भाकीत लिहून घ्या

प्रयोग दाखवला म्हणजे मूल तो पाहतंच असं नाही. त्याला जे दिसायला हवं असतं तेच बऱ्याचदा दिसतं. म्हणून क्रम असा ठेवा: भाकीत, निरीक्षण, स्पष्टीकरण. भाकीत कारणासह वहीत आणि पेनने. पेन्सिलने लिहिलं की ते नंतर खोडलं जातं.

विद्युत परिपथाचं उदाहरण सविस्तर घेऊ. दोन सेल आणि दोन सारखे बल्ब एकसर, म्हणजे एकामागोमाग एक, जोडायचे. प्रश्न: कोणता बल्ब जास्त प्रकाश देईल? बऱ्याच मुलांना वाटतं की सेलच्या धन टोकाजवळचा, कारण विद्युतधारा पहिल्या बल्बात ‘वापरली’ जाते आणि उरलेली पुढे जाते. हे अगदी तर्काला धरून आहे, कारण वापरली की संपते हाच त्यांचा रोजचा अनुभव. घरी लाइटचं बिल त्यासाठीच येतं. (संपते ती सेलमधली ऊर्जा, धारा नव्हे. हा भेद याच धड्यात करायचा आहे.)

आता कुठे बिघडतं ते पाहा.

बल्ब. नुसते ‘टॉर्चचे बल्ब’ मागितलेत तर दुकानदार हल्ली एलईडी देईल. साध्या लाल एलईडीला सुमारे १.८ ते २ व्होल्ट लागतात, म्हणून एका सेलवर तो लागत नाही, आणि उलटा जोडला तर दोन सेलवरही लागत नाही. मुलं मग सेलच्या टोकांबद्दल भलतेच निष्कर्ष काढतात. तारेचे बल्ब गल्लीतल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणं अवघड झालंय. शालेय विज्ञान साहित्याचं दुकान किंवा ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड गाठा.

जोडी. हा सगळ्यात महागात पडणारा सापळा आहे. एकाच डब्यातले दोन बल्बसुद्धा तंतोतंत सारखे नसतात. एक जरा जास्त प्रकाशला आणि तो नेमका धन टोकाजवळ असला, की तुमच्याच प्रयोगाने चुकीची कल्पना पक्की होते. आदल्या दिवशी पंचवीसही बल्ब दोन-दोन करून एकसर जोडा आणि सारखे प्रकाशणाऱ्यांच्या जोड्या लावून कागदात गुंडाळून ठेवा. तरीही वर्गात फरक दिसलाच तर दोन्ही बल्बांच्या जागा बदलायला सांगा. जास्त प्रकाश बल्बबरोबर सरकतो, जागेवर राहत नाही. मग दोष जागेचा की बल्बचा, याचं उत्तर मुलं स्वतःच देतात.

सेल. रिमोटचे छोटे स्वस्त सेल इतक्या धारेला पटकन उतरतात आणि निरीक्षण चालू असतानाच बल्ब मंदावतो. मोठे सेल घ्या. पावसाळ्यात होल्डरच्या पट्ट्यांवर गंज चढतो, त्या पॉलिश पेपरने घासून ठेवा.

मल्टिमीटर. धारा मोजताना तांबडी वायर १० अँपिअरच्या भोकात घाला. मिलिअँपिअरच्या भोकातला फ्यूज बहुतेक मीटरांत २०० मिलिअँपिअरचा असतो, आणि हे बल्ब साधारण तेवढीच धारा घेतात, त्यामुळे तो उडतो. मीटर परिपथात एकसर जोडायचा. तो थेट सेलच्या दोन टोकांना लावला तर सेल शॉर्ट होतो. पहिल्या बल्बच्या आधी, दोन बल्बांच्या मध्ये आणि दुसऱ्याच्या नंतर असं तीन ठिकाणी मोजा. तिन्ही वाचनं ०.२ अँपिअरच्या आसपास आणि सारखी येतील. मात्र सलग मोजा, सेलला मध्ये दहा मिनिटं चालू ठेवून नव्हे.

शेवटी स्पष्टीकरण. इथे पाच-सात मिनिटं राखून ठेवा. बहुतेक तासिकांत हाच भाग घंटेत बुडतो आणि मग प्रयोगाची फक्त गंमत उरते. मुलांनी आपल्याच भाकिताखाली लिहायचं: काय दिसलं, आधीचं कारण कुठे अडलं.

४. सगळ्यांकडून उत्तर घ्या, हात वर करणाऱ्यांकडून नको

हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी १९९१ पासून वापरलेली जोडीदार-चर्चेची पद्धत साठ मुलांच्या वर्गातही चालते, आणि तिला यंत्रं लागत नाहीत. ए-फोर कागदाची दोनदा घडी घालून चार चौकोन करा, त्यांत अ, ब, क, ड ठळक लिहा. हवा तो चौकोन वर येईल अशी घडी करून मूल छातीशी धरतं. शेजाऱ्याचं बघून बदलायला वाव राहू नये म्हणून तुम्ही ‘तीन’ म्हटल्यावर सगळ्यांनी एकदम धरायचं.

क्रम: प्रश्न फळ्यावर, एक-दीड मिनिट शांतपणे विचार, पहिलं मत, मग वेगळं उत्तर असलेल्या शेजाऱ्याला पटवून द्यायला दोन-तीन मिनिटं, दुसरं मत, शेवटी तुमचं स्पष्टीकरण. एका प्रश्नाला आठ-दहा मिनिटं जातात, त्यामुळे एका तासिकेत दोनपेक्षा जास्त प्रश्न घेऊ नका.

पहिल्या मतानंतर काय करायचं हे आकड्यावर ठरवा. बरोबर उत्तरं साधारण ३० ते ७० टक्के असली, म्हणजे साठात १८ ते ४२, तरच चर्चा होऊ द्या. त्याहून कमी असतील तर चर्चेत चूकच पसरते, परत समजावा. जास्त असतील तर थोडक्यात सांगून पुढे जा. २००९ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या एका अभ्यासात, महाविद्यालयातल्या जनुकशास्त्राच्या वर्गात असं दिसलं की गटात सुरुवातीला कुणालाच उत्तर येत नसलं तरी चर्चेनंतर मुलांची समज सुधारते. म्हणजे हुशार मुलाची नक्कल एवढंच तिथे घडत नाही.

पर्याय तुम्ही मनाने रचू नका. दुसऱ्या पायरीतल्या चिठ्ठ्यांमधली मुलांचीच चुकीची उत्तरं पर्याय म्हणून घ्या. ‘दुसऱ्या बल्बनंतर वायरमधली धारा: (अ) शून्य (ब) आधीपेक्षा कमी (क) तेवढीच (ड) आधीपेक्षा जास्त’ या प्रश्नात (ब) ला जीव आहे, कारण तो मुलांनी लिहिलेला आहे.

बाक जोडून तीन मुलं बसत असतील तर जोड्या कायमच्या ठरवून टाका, नाहीतर मधला मुलगा दोघांत लोंबकळतो. शेजारच्या वर्गातल्या शिक्षकांना आवाजाबद्दल आधीच सांगून ठेवा. आणि प्रश्न विचारल्यावर निदान तीन सेकंद थांबा. अमेरिकेतल्या विज्ञान शिक्षणाच्या संशोधक मेरी बड रो यांच्या नोंदींत शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबत होते. थांबणं तीन सेकंदांवर गेलं की मुलांची उत्तरं लांब आणि कारणासह येऊ लागली. मनात एक-दोन-तीन मोजा, पहिले काही दिवस ते फार लांबलेलं वाटतं.

५. उजळणीऐवजी आठवण, एकसारख्या सरावाऐवजी मिसळ

तासिकेची पहिली पाच मिनिटं तीन प्रश्न: एक कालचा, एक मागच्या आठवड्याचा, एक मागच्या महिन्याचा. पुस्तक बंद, उत्तर वहीत, तपासणी मुलांनी स्वतः. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनी पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने चित्र उलटलं: पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ५६. परीक्षेच्या आदल्या रात्री वाचून ‘सगळं येतं’ वाटणाऱ्या मुलांना हे आकडे फळ्यावर लिहून दाखवा.

गणिताच्या गृहपाठात मिसळ हवी. एका सरावसंचातली सगळी उदाहरणं एकाच रीतीची असतात, म्हणून कोणती रीत वापरायची हे मुलाला ठरवावंच लागत नाही. रोहरर आणि टेलर यांच्या २००७ च्या प्रयोगात एकसारखा सराव करणाऱ्यांनी सरावात ८९ टक्के मिळवले आणि मिसळ करणाऱ्यांनी ६०. आठवड्यानंतरच्या चाचणीत तेच आकडे २० आणि ६३ झाले. तिथे महाविद्यालयीन विद्यार्थी आणि घनफळाची अपरिचित सूत्रं होती, तुमच्या वर्गात फरक इतका मोठा दिसेलच असं नाही. करायचं एवढंच: आजच्या सरावसंचातली चार उदाहरणं आणि जुन्या तीन प्रकरणांतली प्रत्येकी एक. पहिल्या दोन आठवड्यांत मुलं जास्त चुकतील आणि पालक विचारायला येतील. पालकसभेत आधीच सांगून ठेवलंत तर घबराट होत नाही.

६. शब्दांकडे लक्ष द्या

भाजीवाल्याकडे आपण ‘वजन’ किलोत मोजतो, विज्ञानात किलोग्रॅम हे वस्तुमानाचं एकक आणि वजन न्यूटनमध्ये. दप्तर पाठीवर घेऊन उभं राहणं हे बोलण्यात काम, भौतिकशास्त्रात कार्य शून्य. सेमी-इंग्रजीच्या वर्गात तिसरी भाषा येते, तेव्हा चर्चा मराठीत होऊ द्या आणि इंग्रजी संज्ञा त्यानंतर, पक्क्या झालेल्या कल्पनेला चिकटवा. लहान वर्गांत ‘पंचवीस’ऐवजी ५२ लिहिणाऱ्या मुलाला निष्काळजी म्हणू नका, आपल्या संख्यानामात एकक आधी येतो. जर्मनमध्येही तसंच आहे आणि ऑस्ट्रियातल्या पहिलीच्या मुलांच्या संख्यालेखनात निम्म्याच्या आसपास चुका याच उलटापालटीच्या आढळल्या होत्या.

७. मोजा, पण घाईने नाही

घटक संपल्यावर तीन आठवड्यांनी चिठ्ठी द्या: तेच नमुने, आकडे वेगळे. दुसऱ्याच दिवशी घेतलेली चाचणी फक्त ताजी आठवण मोजते.

वर्गाची आधीची सरासरी ३५ टक्के आणि नंतरची ६१ असेल तर वाढ २६. वाढायला जागा होती ६५. म्हणून २६ ÷ ६५ = ०.४. रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये यांत्रिकीच्या ६२ अभ्यासक्रमांतल्या सहा हजारांवर विद्यार्थ्यांचे आकडे असे मांडले, तेव्हा नेहमीच्या व्याख्यानांच्या वर्गांत हे गुणोत्तर सरासरी ०.२३ आणि मुलांना सहभागी करणाऱ्या वर्गांत ०.४८ आलं. तुमच्याकडे दोन तुकड्या असतील तर बदल आधी एका तुकडीत करा, तुलना बघा, आणि मग दुसऱ्या तुकडीलाही तो द्या.

सरासरीवर थांबू नका. ‘लांब म्हणजे मोठा’ मानणारी किती मुलं उरली आणि त्यातली किती आता ‘लांब म्हणजे लहान’ मानू लागली, हे ढीग सांगतील. एका चुकीतून दुसऱ्या चुकीत गेलेलं मूल गुणांत दिसत नाही.

८. पुढचं वाचन कुठे

टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं, १९७४ मध्ये सुरू झालेलं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र मानखुर्दला आहे. पनवेल, बेलापूर, नेरूळहून हार्बरने थेट. ठाण्याहून ट्रान्सहार्बरने वाशी आणि तिथून पुढचंच स्टेशन. आधी ईमेल करून जा. मराठीत वाचायचं असेल तर पुण्याहून निघणारं ‘शैक्षणिक संदर्भ’ हे द्वैमासिक चाळा.

कोणताही शोधनिबंध हाती आला की तीन गोष्टी शोधा: मुलं कोणत्या वयाची होती, तुलना कशाशी केली, आणि चाचणी किती दिवसांनी घेतली. तुलनाच नसेल तर बाजूला ठेवा. ‘दृश्य शिकणारे, श्राव्य शिकणारे’ अशी मुलांची विभागणी करून देणारी प्रशिक्षणं अजून चालतात. त्या विभागणीनुसार शिकवल्याने शिकणं सुधारतं याला पुरेसा पुरावा नसल्याचं २००८ च्या एका मोठ्या आढाव्यात मांडलं गेलंय. त्यावर तासिका खर्च करू नका.

सहा आठवडे झाले की चिठ्ठ्या रद्दीत टाकू नका. नमुन्यांची संख्या नोंदवहीत उतरवा, प्रत्येक ढिगातल्या दोन-तीन चिठ्ठ्या पानाला चिकटवा आणि वर इयत्ता, घटक, महिना लिहा. पुढच्या जूनमध्ये हाच घटक शिकवताना चौथ्या पायरीचे पर्याय तिथूनच मिळतील.